डेल्मर प्रुइट यांची फिरती गाठ

डेल्मर प्रुइट यांचा उजवा हात आणि डावा डोळा यांच्यात त्रेसष्ट वर्षांत एकदाही वाद झाला नव्हता. हात लिहीत होता, जेवत होता, धान्याच्या वखारीत पस्तीस वर्षं काट्यावर वजनं टाकत होता. डोळा पाहत होता. आपण एका बाजूचे नाही, याचा दोघांनाही पत्ता नव्हता. तो लावला मलेट क्रीक बॅप्टिस्ट चर्चच्या सुरक्षा समितीने, मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी.

समिती स्थापन होण्याचं कारण गंभीर होतं. दोन जिल्हे पलीकडच्या एका चर्चमध्ये भर प्रवचनात एक अनोळखी माणूस आला, शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफी न घेता निघून गेला. तो कोण होता हे कुणालाच कळलं नाही. कॉफी न घेता गेला म्हणजे हेतू चांगला नसणार, यावर मात्र टेनेसीच्या त्या अख्ख्या भागात एकमत झालं. आठवड्याच्या आत मलेट क्रीकला पाच जणांची सुरक्षा समिती नेमली गेली आणि अध्यक्षपदी मिसेस आर्डिथ क्लम्प आल्या. मिसेस क्लम्प जिल्ह्याच्या वाहन-नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं खिडकीवर होत्या. त्यांच्या खिडकीशी लोक ट्रॅक्टरवर बसून यायचे आणि पायी परत जायचे.

समितीने पहिल्याच बैठकीत घटना-नोंदवही उघडली. जुन्या घटनाही त्यात घ्यायच्या असं ठरलं. गेल्या नऊ वर्षांतली एकच घटना सापडली: 'काचेचं भांडं हरवलं.' त्याखाली दुसऱ्या शाईत: 'सापडलं.'

दुसऱ्या बैठकीत चर्चच्या दाराचा विषय निघाला, आणि दारात डेल्मर प्रुइट उभे होते.

ते तिथे एकोणीस वर्षं उभे होते. काम साधं होतं. दार उघडायचं, त्या रविवारचं पत्रक हातात द्यायचं आणि मिठी मारायची. मलेट क्रीकमध्ये हात मिळवतात ते बँकेत. चर्चच्या दारात मिठीच लागते. एकोणीस वर्षांत डेल्मर यांना मिठीवरून माणूस वाचता यायला लागला होता. कुणाचं वजन उतरलंय, कुणाच्या मुलाचा महिनाभर फोन नाही, कुणी पुन्हा प्यायला लागलंय, हे त्यांना दारातच कळायचं. मग ते प्रवचनानंतर त्या माणसाच्या गाडीपर्यंत रमतगमत जायचे आणि हवापाण्याचं बोलत बोलत नेमकं तेच विचारायचे. वखारीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे एवढंच काम उरलं होतं.

"सोमवार ते शनिवार तू या घरातली एक खुर्ची असतोस," त्यांची बायको ट्वायला म्हणायची. "रविवारी तेवढा माणूस होतोस."

समितीने ठरवलं की दारातला माणूस यापुढे सशस्त्र असेल. शस्त्र कपड्यांआड असेल, आणि ते आहे हे समितीखेरीज कुणालाही कळता कामा नये.

"म्हणजे मी दारात पिस्तूल घेऊन उभं राहायचं?" डेल्मर यांनी विचारलं.

"उभं राहायचं. पण पिस्तूल आहे असं कुणाला वाटता कामा नये," मिसेस क्लम्प म्हणाल्या.

"मग अनोळखी माणसाला कसं कळणार?"

"त्यालाही कळता कामा नये."

"मग तो घाबरणार कशाला?"

मिसेस क्लम्प यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ब्रदर डेल्मर, घाबरवण्याचा नमुना वेगळा आहे. तो अजून छापून आलेला नाही."

त्यांच्या हाती आला तो नमुना चार. त्यात तीन रकाने होते. वापरातला हात: उजवा किंवा डावा. वापरातला डोळा: उजवा किंवा डावा. शस्त्राचं स्थान: किती वाजता. बेंबी म्हणजे बारा, उजवी कंबर म्हणजे तीन, डावी कंबर म्हणजे नऊ, असं कंबरेचं घड्याळ मानून तो आकडा भरायचा होता. मेच्या तिसऱ्या रविवारी होमकमिंग होतं. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी चर्चला परत येतात आणि जेवून जातात. तोवर नमुना मंजूर झाला नाही, तर दार बॉइड हॅस्क्यूकडे जाणार होतं.

बॉइड हॅस्क्यूचं वय एकोणतीस आणि दाढी चाळिशीची होती. जनावरांच्या खाद्याच्या दुकानामागच्या खोलीत तो पिस्तुलाचे वर्ग घ्यायचा आणि समोरच्या खोलीत पिस्तुलाच्या खोळी विकायचा. डेल्मर यांना पात्रतेचा दाखला द्यायचा अधिकार समितीने त्यालाच दिला होता. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण नमुन्यात तसा रकाना नव्हता.

"दोन्ही हात पुढे लांब करा," बॉइड म्हणाला. "तळव्यावर तळवा आणा. अंगठ्यांच्या बेचक्यांमध्ये त्रिकोणी भोक ठेवा. त्यातून ते भिंतीवरचं घड्याळ बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. दिसतंय?"

"सव्वादहा."

"आता डावा डोळा मिटा."

डेल्मर यांनी मिटला. भोकात नुसती भिंत राहिली.

"घड्याळ गेलं," ते म्हणाले.

बॉइड हळूच खुर्चीवर बसला. खाद्याच्या पोत्यावर हात ठेवला. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"घड्याळ? तुझ्या वडिलांनी लावलंय ते."

"डोळा, मिस्टर प्रुइट. हात उजवा आणि डोळा डावा! घरी कुणाला होतं?"

डेल्मर गाडीत येऊन बसले तेव्हा त्यांना खरोखरच जरा अशक्तपणा वाटत होता.

ट्वायला गोधडी शिवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं अशीच ओवतेय. उजवा हात, डावा डोळा."

"आणि जमतं?"

"मान जरा वळवायची."

"बस?"

"बस. तूही वळवतोसच. आपल्या लग्नाच्या फोटोत बघ, फोटोवाल्याशी भांडण झाल्यासारखा दिसतोयस."

डेल्मर यांनी नमुना चारमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं: 'हात उजवा. डोळा डावा. मान जरा वळवतो.' तीन दिवसांनी नमुना परत आला. 'मान' या शब्दाला लाल गोल होता. शेजारी मिसेस क्लम्प यांच्या खिडकीतल्या अक्षरात शेरा: 'मानेसाठी रकाना नाही. हात व डोळा एका बाजूस आणून अर्ज पुन्हा सादर करावा. दरम्यान शस्त्र बाळगण्याचा सराव सुरू ठेवावा.'

सरावाचं पिस्तूल ट्वायलाच्या वडिलांचं होतं. ते मोज्यांच्या खणात बावीस वर्षं निवांत पडलं होतं. पहिल्या रविवारी ते तीन वाजता, म्हणजे उजव्या कंबरेवर बसलं. डेल्मर बाकावर टेकले तेव्हा ओकच्या लाकडावर ठक्क असा आवाज झाला आणि पुढच्या बाकावरची माणसं दार वाजलं म्हणून मागे वळली. पण खरं संकट त्याच्या वीस मिनिटं आधी येऊन गेलं होतं. त्याचं नाव मिस नेडीन स्पर्लॉक.

मिस नेडीन एक्याऐंशी वर्षांच्या होत्या, पाच फुटांना चार बोटं कमी, आणि मिठी मारायच्या ती दोन्ही हातांनी, कडकडून. त्या दिवशी त्यांनी मारली आणि थांबल्या.

"डेल्मर, बाळा, हे काय रे?"

"काही नाही, मिस नेडीन."

"काही नाही कसं? दगडासारखं लागतंय."

डेल्मर यांना नियम आठवला. कुणालाही कळता कामा नये. "जुनं आहे," ते म्हणाले. पिस्तूल जुनंच होतं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"समितीला दाखवलंय."

मिस नेडीन यांनी त्यांच्या गालाला हात लावला आणि त्या आत गेल्या. शेवटचं भजन संपायच्या आत आजाऱ्यांच्या प्रार्थनायादीत नवी ओळ आली. पुढच्या रविवारच्या पत्रकात ती छापूनही आली आणि ते पत्रक डेल्मर यांनी स्वतःच्या हातांनी एकशे चाळीस जणांना वाटलं: 'ब्रदर डेल्मर प्रुइट. कुशीत गाठ. कुटुंबाला यावर सध्या बोलायचं नाही.'

सोमवारी सकाळी अकरा वाजता पहिलं भांडं आलं. काचेचं, पसरट, आत चिकन-नूडल्स, वर चीज. मंगळवारी चार आली. मलेट क्रीकमध्ये दुःखाचं माप याच भांड्यांत होतं, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे सांत्वन संपलं की भांडं कुठे पोचवायचं ते कळतं.

"सांगून टाक ना त्यांना," ट्वायला फ्रीज लावता लावता म्हणाली.

"सांगितलं तर गुप्तता मोडते. दार जातं."

"आणि न सांगितलंस तर?"

"तर जेवण येतं."

"डेल्मर, हे सातवं चिकन आहे. आता अंगाला पिसं फुटतील."

इकडे बॉइडने उपचार सुरू केले होते. पहिला उपाय डोळ्याचा. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे उजवा डोळा नाइलाजाने कामाला लागतो. डेल्मर यांनी आठवडाभर लावली. कॉफी कपाशेजारी ओतली. पाद्री टीग यांना द्यायचं पत्रक त्यांच्या शेजारच्या हवेला दिलं. चर्चमध्ये कुजबुज झाली की डोळ्यावर आलंय.

दुसरा उपाय जागेचा. "डोळा बदलत नसेल, तर शस्त्र मध्याजवळ आणू," बॉइड म्हणाला. "एक वाजता. दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखंच लांब." त्याने खण उघडला. "त्यासाठी ही खोळ वेगळी लागेल."

एक वाजता म्हणजे पोटावर, पट्ट्याच्या आत. उभं राहिलं की उत्तम. पण पाद्री टीग यांचं प्रवचन पन्नास मिनिटांचं असतं आणि डेल्मर यांची रविवारची न्याहारी पाव, रस्सा आणि सॉसेजची. विसाव्या मिनिटाला पिस्तूल आणि न्याहारी यांच्यात कोण राहणार असा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मागच्या बाकावरून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो प्रवचन संपेपर्यंत काढला नाही.

दारात मिस नेडीन म्हणाल्या, "सरकली!"

पत्रकात आलं: 'गाठ पोटात उतरली.'

तिसरा उपाय हाताचा. डोळा ऐकत नाही, मग हातच डावा करायचा. डेल्मर डाव्या हाताने जेवू लागले, डाव्या हाताने दात घासू लागले. पिस्तूल नऊ वाजता, डाव्या कंबरेवर गेलं. डाव्या हाताने केलेली सही बँकेने परत पाठवली आणि बँकेतल्या बाईने, तीही मलेट क्रीकचीच, ती थरथरती सही पाहून संध्याकाळी मक्याची खीर आणून दिली. रविवारी मिस नेडीन यांनी उजवीकडे चाचपलं, मध्ये चाचपलं, डावीकडे चाचपलं आणि त्या रडायलाच लागल्या.

पत्रकात आलं: 'पसरली.'

मेच्या पहिल्या आठवड्यात स्थिती अशी होती: स्थानबदलाचे अर्ज पाच, प्रत्येकी तीन प्रतींत. काचेची भांडी सव्वीस. चामड्याच्या खोळी अकरा. या खोळींपैकी एकीत ट्वायलाने शिवणाची कात्री ठेवली होती, एकीत टीव्हीचा रिमोट, एकीत माश्या मारायची जाळी. तिच्या मते उरलेल्या आठांनाही काम मिळालं असतं, पण घरात तेवढ्या वस्तू नव्हत्या.

बुधवारी पाद्री टीग घरी आले. ते समितीवर नव्हते, त्यामुळे त्यांना काही सांगायची सोय नव्हती. त्यांनी डेल्मर यांचा हात हातात घेतला.

"ब्रदर डेल्मर, तुमची तयारी झालीय का?"

"नाही झाली अजून," डेल्मर खरं ते बोलले. "हाताचं आणि डोळ्याचं काही केल्या जमत नाही."

पाद्रींनी डोळे मिटले. "हातापर्यंत गेलं?"

"पाच अर्ज केले, पास्टर."

"तो एकेक अर्ज ऐकतो," पाद्री म्हणाले.

"ऐकतो कुठला. ती परत पाठवते."

पाद्री टीग यांनी हे माणसाच्या अखेरच्या दिवसांतलं बोलणं समजून सोडून दिलं. जाताना त्यांनी ट्वायलाला मिठी मारली आणि दोन भांडी परत नेली.

दुसऱ्या दिवशी मिसेस क्लम्प यांचं पत्र आलं. प्रकृती लक्षात घेऊन ब्रदर प्रुइट यांना दारावरून सन्मानपूर्वक विश्रांती देण्यात येत असून, होमकमिंगपासून तिथे बॉइड हॅस्क्यू उभे राहतील. बॉइडचा नमुना चार एका दिवसात मंजूर झाला होता. हात उजवा, डोळा उजवा, चार वाजता. दाखल्यावर सही बॉइडचीच होती.

डेल्मर तडक समितीच्या खोलीत गेले.

"मिसेस क्लम्प, मला काही झालेलं नाही! ती गाठ म्हणजे तुमचंच पिस्तूल आहे. तुम्हाला माहीत आहे!"

"समितीला माहीत आहे," मिसेस क्लम्प शांतपणे म्हणाल्या. "पण समितीला माहीत आहे, हे समितीला सांगता येत नाही. गुप्तता आहे."

"मग माझं नाव प्रार्थनायादीतून तरी काढा."

"तो वेगळा विभाग आहे. तिथून नाव दोनच कारणांनी निघतं." त्यांनी यादीचा नियम वाचून दाखवला. "एक तर रोगी बरा झाला पाहिजे. आणि दुसरं कारण तुम्ही निवडावं असं समितीला वाटत नाही."

दारावरचा तो शेवटचा रविवार. डेल्मर यांनी पिस्तूल मोज्यांच्या खणात ठेवलं. जायचंच आहे तर निदान एकदा धड मिठी मारून जावं, एवढाच विचार होता. मिस नेडीन आल्या. त्यांनी हळूच, भीतभीत हात टाकले. तीन वाजता काही नाही. एक वाजता काही नाही. नऊ वाजता काही नाही. पाठीवर दोनदा चाचपून पाहिलं.

"गेली!" मिस नेडीन ओरडल्या, आणि एक्याऐंशी वर्षांच्या गळ्यातून निघालेला तो आवाज गाड्या लावायच्या जागेपर्यंत पोचला. "गाठ गेली! अरे, सगळे बाहेर या, डेल्मरची गाठ गेली!"

त्या दिवशी प्रवचन झालंच नाही. नुसती गाणी झाली. होमकमिंगच्या दिवशी डेल्मर प्रुइट यांनी सर्वांसमोर उभं राहून आपल्या बरं होण्याची साक्ष द्यावी असं ठरलं. बरा झालेला माणूस दारावर पुन्हा ठेवायला हरकत नसावी, असं पाद्री टीग म्हणाले. साक्ष झाल्यावर विचार करू, असं मिसेस क्लम्प म्हणाल्या.

म्हणजे एक छोटंसं खोटं बोललं की दार परत मिळणार होतं. फक्त ते चर्चमध्ये, देवासमोर आणि सव्वीस भांड्यांच्या मालकिणींसमोर बोलायचं होतं.

होमकमिंगला दोनशे बारा माणसं आली. बाहेर झाडांखाली लांब टेबलं मांडली होती. बॉइड दारात उभा होता आणि उजवा कोपर अंगाशी दाबून, डाव्या हाताने पत्रकं देत होता. डेल्मर पुढे गेले, वळले. दुसऱ्या बाकावर ट्वायला होती. तिच्या शेजारी मिस नेडीन, रुमाल घेऊन तयार.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केलीत," डेल्मर म्हणाले. "जेवण आणलंत. मी सगळं खाल्लं."

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

"मी बरा झालो, कारण मी आजारी नव्हतो. ती गाठ नव्हती. ते पिस्तूल होतं. मिस नेडीन, माफ करा. कमरेला सासऱ्याचं पिस्तूल होतं, आणि मी ते सारखं हलवत होतो, कारण माझा हात उजवा आणि डोळा डावा आहे."

मग चौथ्या बाकावरून हॉलिस क्रॅबट्री उठला. हॉलिसचं नाव 'माकडहाडाचा आजार' म्हणून फेब्रुवारीपासून यादीत होतं.

"माझंही तेच आहे," हॉलिस म्हणाला. "पाच वाजता."

मग खिडकीकडची एक बाई उठली. मग गाणाऱ्यांतले दोघं. यादीत गाठ, सूज, हाड वाढणं आणि 'स्पष्ट सांगता येत नाही असं दुखणं' मिळून चौदा नावं होती. त्यांतली नऊ माणसं उभी राहिली. उरलेल्या पाचांपैकी एक जण संतापून ओरडला, "मला खरंच मुतखडा आहे!" पण तोवर त्याच्यावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. हिशेब असा निघाला की मलेट क्रीकची मंडळी हिवाळ्यापासून दर रविवारी गुडघे टेकून एकमेकांची पिस्तुलं बरी व्हावीत अशी प्रार्थना करत होती.

मिस नेडीन यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला. "म्हणजे माझी चिकन-नूडल्स फुकट गेली," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग सगळेच हसले. जेवण छान झालं.

समितीची तातडीची बैठक त्याच संध्याकाळी भरली. मिसेस क्लम्प यांनी परिस्थितीचा शांतपणे आढावा घेतला. आत बसलेल्यांपैकी इतके जण सशस्त्र असताना दारातला माणूस सशस्त्र असण्याची गरज उरत नाही. सबब ब्रदर प्रुइट यांना शस्त्राविना दारावर परत घेण्यात येत आहे. नमुना चार रद्द. मात्र घडल्या प्रकाराने गुप्ततेला जो तडा गेला तो पुन्हा जाऊ नये, म्हणून नवा नियम करण्यात आला. मिठी एका हाताने, बाजूने, दोन सेकंद. मिठीत गाठ लागल्यास ती पिस्तूल आहे असं समजावं. पिस्तूल गुप्त असल्यामुळे कोणत्याही गाठीची कुणीही, कुणाकडेही विचारपूस करू नये. दारातल्या माणसाने तर मुळीच नाही.

"हे पाळाल ना?" मिसेस क्लम्प यांनी विचारलं. "यापुढे तुमचं दार या एका ओळीवर आहे."

"पाळीन," डेल्मर म्हणाले. त्यांना दार मिळालं होतं. त्यांनी सहीही केली, उजव्या हाताने.

नियम लगेच अंगवळणी पडला. लोक एका हाताने, बाजूने, दोन सेकंद भेटू लागले. प्रार्थनायादी चौदावरून तीनवर आली आणि मलेट क्रीकची प्रकृती एकदम सुधारल्याचं पाद्री टीग यांनी वार्षिक अहवालात लिहिलं. काचेची भांडी कपाटात गेली. मुतखड्याचा गृहस्थ दवाखान्यात एकटाच जाऊन आला.

जूनच्या शेवटच्या रविवारी, चांगल्या उकाड्यात, मिस नेडीन गळ्याभोवती लोकरीचा गळपट्टा बांधून आल्या. नियमबियम त्या मानत नसत. त्यांनी दोन्ही हातांनी, कडकडून मिठी मारली. डेल्मर यांनी सवयीने मान जरा वळवली, आणि त्यांची हनुवटी गळपट्ट्यावर, गळपट्ट्याखालच्या कशावर तरी टेकली. कडक. लिंबाएवढं. मान सरळ असती, तर त्यांना कळलंही नसतं.

बॉइडने शिकवलेलं घड्याळ त्यांना आता पाठ होतं. ते कंबरेभोवती फिरतं. मानेशी कितीही वाजले तरी पिस्तूल लागत नाही.

मिसेस क्लम्प चार पावलांवर पत्रकं मोजत होत्या. मागे रांग होती. दोन सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

"काय बाई उकडतंय," मिस नेडीन मोठ्याने म्हणाल्या आणि सुटायला लागल्या.

डेल्मर यांनी सोडलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला. "कधीपासून आहे हे?"

"शू," मिस नेडीन कानाशी म्हणाल्या. "पिस्तूल आहे म्हणून सांग. सगळ्यांना तेच बरं वाटतं."

"मिस नेडीन. कधीपासून?"

त्यांचे हात डेल्मर यांच्या पाठीवर घट्ट झाले. "ईस्टरपासून," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुझीच चिंता होती रे सगळ्यांना. म्हटलं, मध्येच माझं कुठे."

सोमवारी सकाळी आठ वाजता डेल्मर आणि ट्वायला त्यांना गाडीत घालून नॅशव्हिलला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. ट्वायलाने वाटेत खायला चिकन-नूडल्स घेतली होती. सोमवारी दुपारी चार वाजता समिती भरली आणि नियमभंग सिद्ध झाला. साक्षीदार अध्यक्षच होत्या. आता दारावर बॉइड हॅस्क्यू असतो. त्याचा हात उजवा, डोळा उजवा, मान सरळ. डेल्मर आता शेवटच्या बाकावर बसतात. टेकताना ठक्क असा आवाज होत नाही.

घटना-नोंदवहीत नऊ वर्षांतल्या हरवलेल्या भांड्याखाली आता दुसरी नोंद आहे. 'जून, शेवटचा रविवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. दारावरील इसमाने एका वृद्ध महिलेस तब्येत विचारली. इसमास हटवण्यात आलं. परिस्थिती नियंत्रणात आहे.' मिस नेडीन यांची गाठ काढली की नाही, डॉक्टर काय म्हणाले, याची नोंद नाही. तसा रकाना नाही.

तुम्हीही ते विचारणारच होतात. पण त्याआधी, मघाशी मध्येच वाचन थांबवून, हात लांब करून, तळव्यांचा त्रिकोण करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत ना?

कुठला डोळा निघाला?